हरकतदार बोलेल

नगरसभेच्या जुन्या कागदांत एका बाईबद्दल सलग एकशे बत्तीस वेळा एकच वाक्य लिहिलेलं आहे. 'हरकतदार पुढील सभेत बोलेल.' दर महिन्याला एकदा, अशी अकरा वर्षं. वाचणाऱ्याला वाटावं, बाई मोठी चालढकल करणारी असणार. खरं तर त्या अकरा वर्षांत ती एकाही सभेत गप्प बसली नव्हती. बसली नव्हती हे तर अगदी शब्दशः खरं आहे.

तिला सगळे घडीबाई म्हणत. हे नाव धंद्यावरून पडलेलं. छापखान्यातून मोठाले ताव यायचे. एका तावावर सोळा पानं, आठ सुलटी आणि आठ डोक्यावर उभी. हाडाच्या गुळगुळीत पट्टीने तीन घड्या घालायच्या, की सोळाही पानं ओळीने लागायची. घड्या घालायचं काम तिचं. नवरा बांधणीवाला. तो त्या घड्या शिवायचा आणि वर पुठ्ठा चढवायचा. खाली दुकान, वर घर. घरात सासूबाई आणि धाकटा दीर. दीर नगरसभेत कारकून होता.

लग्न होऊन आली तेव्हा तिला अक्षर येत नव्हतं. पानांचे आकडे नवऱ्याने शिकवले. शिकवले म्हणजे आकड्यावर बोट ठेवलं आणि 'हं' म्हणाला. त्याचं बोलणं एवढंच. एक 'हं' होकाराचा, एक नकाराचा आणि एक जेवण चांगलं झाल्याचा. तिला तिन्ही वेगवेगळे ऐकू यायचे.

आकड्यांवरून ती अक्षरांवर गेली. पान संपताना वाक्य अर्धं राहायचं. ते पुढच्या पानाला नीट जोडलं गेलंय का, हे बघता बघता वाचायला आलं. कोणी शिकवलं नाही, कोणाला कळलंही नाही. दोन-तीनशे पुस्तकं तिच्या हाताखालून गेली. प्रत्येकातली पान उलटतानाची वाक्यं तेवढी तिला पाठ होती. आणि उलटं पान तिला सुलट्याइतकंच सहज वाचता यायचं. सगळ्यांना तसंच येत असणार, असं तिला वाटायचं.

सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सुनेला वाचता येतं, याला माझी काही ना नाही. पण ती वाचते, हे काही बरं नाही."

एक दिवस गल्लीतली धोबीण खाणावळीच्या मालकाकडे धुतलेल्या चादरी द्यायला निघाली होती. घडीबाई हिशेबाची वही बांधून द्यायला तिच्याबरोबर गेली. मालकाच्या मेजावर एक कागद होता. मालकाच्या बाजूने सुलटा, बायकांच्या बाजूने उलटा. घडीबाईने तो उभ्या उभ्या वाचला. खाली धोबिणीचा अंगठा होता.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "वीस वर्षं दुसऱ्या कोणाचे कपडे धुणार नाहीस, असं लिहून दिलंयस तू."

"छे! ती साबण मिळाल्याची पावती आहे."

"साबणाचा शब्दही नाही त्यात."

धोबीण रस्त्यातच मटकन बसली. "अगं बाई! मग ते बोट धरून एवढं गोड का बोलत होते?"

"उद्या दुपारी ये," घडीबाई म्हणाली. "पाटी घेऊन ये."

दुकानाच्या शेजारी नगरसभेची एक खोली होती. पूर्वी तिथे रस्त्यावरचे कंदील ठेवत. मग कंदील गेले आणि खोली विसरली गेली. तिची किल्ली दुकानात खिळ्याला लटकत होती. का, ते कोणालाच आठवत नव्हतं. घडीबाईने कुलपात तेल घातलं आणि खोली झाडून काढली. पहिल्या दिवशी धोबीण आली. आठवड्याभरात सुईण आली. मग गवंड्याची बायको, तिची जाऊ आणि त्या जावेची भांडखोर नणंद. वर्षाच्या आत अकरा जणी झाल्या.

पाट्या पाचच होत्या. दोघी समोरासमोर बसायच्या, मध्ये पाटी. त्यामुळे निम्म्या जणी उलटं वाचायला शिकल्या. घडीबाईला त्यात काही चुकतंय असं वाटलंच नाही. पुढे गावातले काही दुकानदार बायकांशी बोलताना समोरचे कागद हाताने झाकून ठेवू लागले, ते यामुळेच.

सहा वर्षं सगळं सुरळीत चाललं. सातव्या वर्षी नगरसभेने नव्या खुर्च्या घेतल्या.

जुन्या बेचाळीस खुर्च्या मोडक्या होत्या. काहींना पाठ नव्हती, काहींना पाय नव्हता. पण नगरसभेची मालमत्ता टाकून देता येत नाही, असा नियम. जपून ठेवायला जागा हवी. कोणाला तरी कंदिलांची खोली आठवली. खोलीच्या दारावर नोटीस लागली. 'सदर खोली खुर्च्यांसाठी घेण्यात येत आहे. हरकत असल्यास चालू महिन्याच्या सभेपूर्वी अर्ज करावा.'

धोबिणीने नोटीस मोठ्याने वाचली. पहिल्यांदाच एवढं मोठं काही न अडखळता वाचलं. वाचून झाल्यावर ती आनंदाने हसली. मग अर्थ लागला आणि रडायला लागली.

रात्रीच्या जेवणाला घडीबाईने दिराला विचारलं, "भाऊजी, हरकतीचा अर्ज कसा करायचा?"

दिराने घास गिळला. तो मोठा सरळ माणूस होता. खोटं बोलायचा नाही आणि नियम मोडायचा नाही. नियमही सगळे पाठ होते त्याला.

"नमुना भिंतीवर लावलाय," तो म्हणाला. "तो पाहून कोऱ्या कागदावर लिहायचा. शब्द न् शब्द नमुन्यासारखा हवा. आणि खोटं विधान नको. एवढंच. अगदी सोपं आहे."

"आणि अर्ज घेतला तर?"

"तर हरकत ऐकून होईपर्यंत खोलीला कोणी हात लावू शकत नाही."

"अर्ज घेणार कोण?"

"मीच घेतो. भाजी वाढा जरा."

सासूबाई म्हणाल्या, "मेल्या, घरच्या सुनेचा अर्ज घेशील?"

"ऑफिसात घर नसतं, आई."

दुसऱ्या दिवशी ती नगरसभेत गेली. दीर मेजामागे बसला होता. घरातला सदरा होता, पण चेहरा वेगळा होता. त्याने तिला ओळख दिली नाही.

"काय काम आहे?"

"हरकतीचा अर्ज आहे, भाऊजी."

"इथे अर्जदार आणि कारकून असतात."

"बरं. अर्ज आहे, कारकून."

त्याने वाचला. 'मी चालू महिन्याच्या सभेत हरकत घेते.' त्याने मान हलवली.

"नमुन्याप्रमाणे नाही. नमुन्यात 'घेतो' आहे."

"मी बाई आहे."

"ते मला माहीत आहे."

"मग 'घेतो' लिहून आणू?"

"ते खोटं विधान होईल. तुम्ही घेतो नाही."

"म्हणजे 'घेते' लिहिलं तर नमुन्यात बसत नाही. आणि 'घेतो' लिहिलं तर खरं नाही."

"बरोबर समजलात," तो म्हणाला. त्याला मनापासून बरं वाटलं. बहुतेक अर्जदारांना इतक्या लवकर समजत नसे.

संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले आणि काळजीने म्हणाला, "वहिनी, अर्ज परत केला म्हणे तुमचा."

"हो ना."

"कोण तो माणूस! जरा समजून घ्यायला काय झालं होतं?" आणि तो खरोखरच चिडला होता.

ती पुन्हा गेली. 'हरकत घ्यायची आहे' असं लिहून नेलं, ते नमुन्यात नव्हतं. 'हरकत आहे' लिहिलं, तेही नव्हतं. चौथ्या दिवशी नवऱ्याने सुई खाली ठेवली.

"मी जातो," तो म्हणाला. "मी उभा राहतो सभेत."

घरात सगळे थांबले. सासूबाईंनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला.

"तुम्ही काय सांगाल तिथे?" घडीबाईने विचारलं.

"तू सांगशील ते."

"अहो, मग मीच सांगते की."

तो विचारात पडला. मग 'हं' म्हणाला. होकाराचा होता.

सभेला चार दिवस उरले. छापखान्यातून शाळेच्या व्याकरणाचे ताव आले. तीनशे प्रती. मन थाऱ्यावर नव्हतं, पण हात चालू होते. एका पानावर काळांचा तक्ता होता. एका बाजूला 'तो', दुसऱ्या बाजूला 'ती'. तो जातो, ती जाते. तो गेला, ती गेली. आणि खाली, तो जाईल, ती जाईल.

तिने पट्टी ठेवली. अक्षरं जुळवणारा जुळारी चुकलाय, तिला वाटलं. एकच शब्द दोन्हीकडे जुळवलाय. तीनशे प्रती शिवून झाल्यावर लक्षात आलं तर बोलणी नवऱ्याला बसणार. ती ताव घेऊन तडक छापखान्यात गेली. जुळारी छपाईच्या खिळ्यांच्या घरांसमोर उभा राहून अक्षरं वेचत होता.

"तुमची चूक झालीय," ती म्हणाली. "बाईच्या बाजूलाही 'जाईल' टाकलंत."

त्याने चष्मा वर केला, ताव पाहिला. "चूक नाही. 'जाईल'च असतं."

"पुरुषाचं 'जाईल'. बाईचं काय?"

"बाईचंही तेच."

"असं कसं? जाते वेगळं, गेली वेगळं, आणि..."

"आता तुम्हीच म्हणून बघा. ती उद्या काय करेल?"

"जाईल," ती म्हणाली.

"आणि तो?"

"जाईल," ती पुन्हा म्हणाली. सगळा जन्म ती हे बोलत आली होती. कधी ऐकलं मात्र नव्हतं.

"म्हणजे पुढच्या काळात बाई आणि पुरुष एकच?"

"क्रियापदापुरतं," जुळारी म्हणाला. मग त्याच्या हातातला खिळा तसाच राहिला. "चाळीस वर्षं जुळवतोय मी हे. माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

भिंतीवर दोन नमुने लावलेले होते, हे तिला तिथेच आठवलं. एक चालू महिन्याच्या सभेसाठी. दुसरा पुढच्या महिन्याच्या. दुसऱ्याकडे कोणी बघत नसे. सगळ्यांनाच घाई असायची.

नगरसभेत गेल्यावर तिने दुसरा नमुना वाचला. 'मी पुढील सभेत हरकत घेईन.' तेवढंच कागदावर उतरवलं, खाली सही केली आणि मेजावर ठेवलं.

दिराने वाचलं. नमुन्याशी ताडून पाहिलं. कागद उजेडात धरला. मागून पाहिला.

"यात बाई कुठे आहे?" त्याने विचारलं.

"नाहीये."

"तुम्ही लिहिलंय ना?"

"हो. खोटं आहे का?"

"नाही."

"नमुन्याप्रमाणे आहे?"

"आहे." त्याने शिक्का उचलला.  शिक्का उमटला तसा तो हळूच म्हणाला, "घरी गेल्यावर आईला सांगा, मला आज यायला उशीर होईल. मला जरा एकटं फिरायचंय."

पुढच्या महिन्यात सभा भरली. तेरा सभासद, तेरा नव्या खुर्च्या, मध्ये लांब मेज. अध्यक्ष दातांचे डॉक्टर होते. दिवसभर लोकांना तोंड उघडा म्हणायचे आणि सभेत बंद करा म्हणायचे. हरकतदाराला पुकारलं. घडीबाई आत आली आणि मेजासमोर उभी राहिली. मागे दाराशी अकरा जणी.

"थांबा," अध्यक्ष म्हणाले. "नववा नियम वाचा."

दिराने वाचला. "'हरकतदार सभेत उभा राहून बोलेल.'"

"बोलेल, याला हरकत नाही," अध्यक्ष म्हणाले. "पण 'उभा' आहे. बाई उभी राहू शकते. उभा राहू शकत नाही. आणि नियमाला उभा हवा आहे."

सगळ्यांनी घडीबाईकडे पाहिलं. ती उभीच होती. त्याला इलाज नव्हता.

शाळेतून व्याकरणाच्या मास्तरांना बोलावून आणलं. ते वर्ग सोडून धापा टाकत आले. त्यांनी प्रश्न नीट ऐकून घेतला. इतक्या माणसांनी व्याकरणाबद्दल त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

"एक तिसरी वाट आहे," ते म्हणाले. "'उभे राहून'. नपुंसकलिंग. ज्याचं काही नक्की नाही, त्याला लावतात. उदाहरणार्थ, मूल उभे राहून बोलेल."

"मी मूल नाही," घडीबाई म्हणाली.

"तर मग घोडे..."

"मास्तर, तुम्ही वर्गावर जा," अध्यक्ष म्हणाले.

"ती बसून बोलेल," एक सभासद म्हणाले. "बसून म्हणजे कोणीही बसून."

"खुर्च्या सभासदांसाठी आहेत," दीर म्हणाला. "तिसरा नियम."

सभासदांनी आपापल्या खुर्च्या घट्ट धरल्या. मग घडीबाईने विचारलं, "चालत बोलायला बंदी आहे का?"

दिराने नियमांचं पुस्तक काढलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं पाहिलं. ते पुस्तक तिनेच घड्या घालून दिलेलं होतं. "नाही," तो म्हणाला. "कोणाला सुचलंच नसावं."

मग ती चालायला लागली. मेजाभोवती एक फेरी सदतीस पावलांची होती. ती चालत होती आणि बोलत होती. सभासद माना वळवत होते. मान पुरेशी वळेनाशी झाली की दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू करत होते. खोलीत कोण येतं, काय शिकतं, धोबिणीचा अंगठा कुठे लावून घेतला होता, सगळं तिने सांगितलं. खाणावळीचा मालक सभासदांत होता. त्याच्या मागून जाताना ती जरा हळू चालली.

तिचं झालं. अध्यक्ष म्हणाले, "नोंद करा आणि मत घ्या."

दिराने छापील कागद काढला. त्यावर होतं, 'हरकतदार सभेत उभा राहून बोलला.' त्याने टाक उचलला आणि खाली ठेवला.

"हे भरता येत नाही," तो म्हणाला. "उभा राहिला नाही. बोलला तर नाहीच."

"मग 'बोलली' करा!"

"छापील मजकुरात खाडाखोड केली तर कागद रद्द होतो. सतरावा नियम."

"दुसरा कागद नाही?"

"आहे." त्याने तोही वाचून दाखवला. "'हरकतदार पुढील सभेत बोलेल.' यात काही खोटं नाही. त्या येतील म्हणाल्या तर."

"येईन," घडीबाई म्हणाली.

त्याने तो भरला. सभेने तिला ऐकलं होतं, पण कागदोपत्री ती अजून बोलायची होती. आणि हरकत ऐकून होईपर्यंत खोलीला कोणी हात लावू शकत नव्हतं.

त्या रात्री सासूबाईंनी धाकट्याला विचारलं, "हे मुद्दाम केलंस का रे?"

"मी नियमाप्रमाणे केलं," तो म्हणाला. त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की कोणालाच काही कळलं नाही. पुढेही कधी कळलं नाही.

अशी अकरा वर्षं गेली. खोलीबद्दल बोलून बोलून किती बोलणार? चौथ्या महिन्यापासून ती इतर विषयांवर आली. कपडे धुण्याच्या जागेला छप्पर नाही. सुइणीला रात्री-अपरात्री बोलावतात, पण कागदोपत्री तिचा धंदाच नाही. मुलींची लग्नं पाटी सुटायच्या आत होतात. नवरा गेल्यावर बाईला घरातून काढतात, तेव्हा तिला कोणता कागद दाखवतात आणि त्यात काय लिहिलेलं असतं. अध्यक्ष म्हणायचे, "विषयाला धरून बोला." ती म्हणायची, "पुढच्या सभेत धरेन."

सगळ्यांच्या माना एकाच बाजूने आखडू लागल्या, तेव्हा तिने दया येऊन एका महिन्याला उजवीकडून आणि एका महिन्याला डावीकडून चालायला सुरुवात केली. खाणावळीच्या मालकाने धोबिणीचा तो कागद नवव्या फेरीत फाडून टाकला. पुन्हा आपल्या मागून हळू जाऊ नका, एवढीच त्याची विनंती होती. धुण्याच्या जागेला तिसऱ्या वर्षी छप्पर आलं. खोलीत अडतीस जणी झाल्या. सासूबाईही येऊन बसायच्या. शिकायला नाही, वर सुनेशिवाय करमत नाही म्हणून, असं त्या सांगायच्या. पाटी मात्र स्वतःची आणायच्या.

खुर्च्या इतकी वर्षं सभागृहाच्या जिन्यात पडून होत्या. रोज कोणी ना कोणी अडखळायचं. शेवटी अध्यक्ष अडखळले आणि त्यांचा स्वतःचा पुढचा दात पडला. दातांच्या डॉक्टरला हे परवडण्यासारखं नव्हतं.

"नियम बदला," ते म्हणाले. "बाईला उभं राहू द्या. उभं राहू द्या, बोलली म्हणून लिहा, मत घ्या आणि मोकळे व्हा."

'उभा' च्या पुढे 'अथवा उभी' आलं. 'बोलला' च्या पुढे 'अथवा बोलली'. नमुन्यात 'घेतो' च्या पुढे 'अथवा घेते'. नियम एकमताने मंजूर झाला. चर्चा पाच मिनिटंही चालली नाही. दूरच्या शहरातल्या वर्तमानपत्रात बातमी आली. या उदार नगरसभेने स्त्रियांना सभेत बोलण्याचा हक्क दिला, असं त्यात होतं. अध्यक्षांचा सत्कार झाला. ते भाषणात म्हणाले, की त्यांना हे फार वर्षांपासून वाटत होतं.

दीर घरी आला तो जेवलाच नाही. भिंतीला टेकून बसला.

"वहिनी, नीट ऐका. उभ्या राहिलात तर मला तो दुसरा कागद भरावा लागेल. मग मत होईल. सात जण खुर्च्यांच्या बाजूने आहेत, सहा आपल्या. मी मोजलेत. चालायलाही बंदी नाही. चालत राहिलात तर खोली राहील."

"आणि नियम?"

"तो पुस्तकात राहील. कोणी वापरला नाही तरी नियमाला काही होत नाही."

नवऱ्याने सुई थांबवली होती. सासूबाई पाटीवर उगाच रेघा ओढत होत्या. खोली गेली तर अडतीस जणींनी कुठे बसायचं, हे घडीबाईला माहीत नव्हतं. घर दोन खोल्यांचं. दुकानात चार माणसं मावत नव्हती.

"अकरा वर्षं मी 'बोलेन'च आहे, भाऊजी," ती शेवटी म्हणाली. "मला एकदा 'बोलले' व्हायचंय."

"खोली जाईल."

"जाईल," ती म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सभा भरली. तिला पुकारलं. ती आत आली आणि मेजासमोर उभी राहिली. या वेळी कोणी थांबवलं नाही. अध्यक्षांनी हाताने बोला अशी खूण केली.

आणि तिला बोलता येईना. अकरा वर्षांत ती एकदाही थांबून बोलली नव्हती. पायांना सवय लागली होती. पहिलं पाऊल पडलं की पहिला शब्द यायचा. आता पाऊल नव्हतं, म्हणून शब्द नव्हता. तिने तोंड उघडलं, मिटलं. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार दिला.  सभासद एकमेकांकडे बघू लागले. दाराशी अडतीस जणी टाचा उंचावून पाहत होत्या.

दीर टाक हातात घेऊन बसला होता. कागदावर 'उभी' वर खूण झाली होती. 'बोलली' ची जागा कोरी होती. त्याने तिच्याकडे पाहिलं. सगळ्या सभेसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, त्याचा तोल गेला.

"वहिनी," तो म्हणाला. "बोला ना."

अध्यक्षांनी चमकून पाहिलं. दीर लालबुंद झाला. घडीबाईला एकदम हसू आलं आणि त्या हसण्यामागून शब्द आले.

"खोली आमची आहे, असं माझं म्हणणं नाही," ती म्हणाली. "आम्ही तिथे वाचतो. खुर्च्या वाचत नाहीत. बस, एवढंच."

अकरा वर्षांतलं तिचं ते सर्वांत छोटं भाषण. दिराने 'बोलली' वर खूण केली. कागदाला भोक पडेल इतक्या जोरात. मग मत झालं. सात विरुद्ध सहा. त्याने मोजलं होतं तसंच. किल्ली उद्या सकाळी जमा करायची, असं ठरलं.

ती बोलली होती. खोली गेली होती. ती घरी आली. नवरा दुकानाच्या दारात उभा होता. त्याने 'हं' म्हटलं. हा चौथ्या प्रकारचा होता, तिने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

सकाळी ती किल्ली घेऊन नगरसभेत गेली. दार उघडायला अजून वेळ होता, तरी पायऱ्यांवर रांग होती. सगळ्यात पुढे धोबीण. मग सुईण, गवंड्याची बायको, तिची जाऊ, ती भांडखोर नणंद. रांग कोपऱ्यावरून वळून गेली होती. प्रत्येकीच्या हातात एक कागद.

"हे काय चाललंय?" घडीबाईने विचारलं.

धोबिणीने आपला कागद दाखवला. मोठं, गोल अक्षर. 'मी चालू महिन्याच्या सभेत हरकत घेते.'

"'घेते' आता नमुन्यात आहे," धोबीण म्हणाली. "आम्ही काल जाताना वाचून गेलो. नोटिशीत 'चालू महिना' एवढंच आहे, आणि आज नवा चालू झाला."

"पण मत झालंय."

"ते तुमच्या हरकतीवर झालं. माझी अजून कोणी ऐकलीय का?"

दार उघडलं. दीर मेजामागे जाऊन बसला. घडीबाई सवयीने पुढे झाली, तशी धोबिणीने तिचा दंड धरला.

"बाई, तुम्ही जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुमचं बोलून झालंय."

दिराने पहिला कागद घेतला. नमुन्याशी ताडून पाहिला. मग मान वाकडी करून रांगेकडे पाहिलं आणि बोटांवर काहीतरी मोजलं.

"महिन्याच्या सभेत एकच हरकत ऐकता येते," तो म्हणाला. "अडतीस म्हणजे तीन वर्षं दोन महिने." त्याने शिक्का शाईवर दाबला. "काय हरकत आहे आपली?"

"ती मी उभी राहिल्यावर सांगेन," धोबीण म्हणाली.

भिंतीशी उभ्या असलेल्या घडीबाईने किल्ली पुढे केली. दिराने ती पाहिली.

"ही आत्ता घेता येणार नाही," तो म्हणाला. "पुढची कोण? या."